आजीच्या लुगड्याचा रंग

आजीच्या ट्रंकेतलं एक इरकली लुगडं सहा वर्षांपासून माझ्या कपाटात आहे. लाल काठ, पदराला लाल-पांढरे दाते. अंगाचा रंग मात्र कोणता, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. आत्या म्हणते काळा. बाबा म्हणतात गडद निळा. एकदा व्हिडिओ कॉलवर मी ते दोघांसमोर धरलं, तर आत्या म्हणाली, "अगं, काळंच की! संक्रांतीला नेसायची." बाबा म्हणाले, "संक्रांतीची चंद्रकळा वेगळी होती गं ताई. हे निळंय. ह्याचाच पदर धरून मी बाजाराला जायचो." मग दोघांनी मिळून मोबाइलच्या कॅमेऱ्याला दोष दिला.

आजी स्वतः त्याला कायम 'काळं' म्हणायची. "ते काळं वाळत घाल गं, उन्हात नको." हे मला पक्कं आठवतं. आणि मी मुकाट्याने तेच लुगडं उचलायचे, हेही आठवतं.

तिला निळा कळत नव्हता म्हणावं, तर आजोबांच्या धोतराला नीळ द्यायचं काम तिचंच. बादलीत पुरचुंडी फिरवताना पाण्याचा रंग हवा तसा आला की तिचा हात आपोआप थांबायचा. जरा जास्त झाली की "निळं पडलं बघ" म्हणून स्वतःवरच चिडायची. पांढऱ्यावर चढलेली निळ्याची इतकी पुसट झाक जिला कळते, ती एवढ्या मोठ्या नऊवारी निळ्याला बिनदिक्कत काळं कशी म्हणते? पण मला हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो पडला बऱ्याच वर्षांनी, तोही मुलीचा विज्ञानाचा अभ्यास घेताना.

इंद्रधनुष्याचा धडा होता. तानापिहिनिपाजा. आमच्या पिढीने हा मंत्र डोळे मिटून पाठ केला आणि कधी प्रश्न विचारला नाही. मुलगी विचारते. "आई, पारवा म्हणजे?" मी खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर घुमत बसलेल्या पारव्याकडे बोट दाखवलं. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "हा तर ग्रे आहे. आणि मान हिरवी आहे. आणि मधेच जांभळी होते. हा इंद्रधनुष्यात कुठे असतो?"

खरंच, कुठे असतो? पंचेचाळीस वर्षांत मला इंद्रधनुष्यात पारवा दिसलेला नाही. तो तिथे आला तो न्यूटनमुळे. प्रकाशाचे पट्टे मोजताना त्याने आधी पाचच मोजले होते. सुरांच्या सप्तकाशी मेळ बसावा म्हणून नारिंगी आणि इंडिगो हे दोन नंतर आत घेतले. 1704 च्या त्याच्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात रंगांचं वर्तुळ आहे, ते चक्क सुरांच्या अंतरांवर विभागलेलं आहे. आता गंमत बघा. इंडिगो म्हणजे आपली नीळ. 'भारतातून येणारी वस्तू' या अर्थाच्या ग्रीक-लॅटिन शब्दातून ते नाव निघालं. जगाने ज्या रंगाला आपल्या देशाचं नाव दिलं, तो शाळेच्या पुस्तकातून आपल्याकडे परत आला, तेव्हा निळ्याची खुर्ची 'ब्लू'ने आधीच अडवलेली होती. मग शेजारच्या खुर्चीवर बसवायला एक पारवा धरून आणावा लागला. ज्याने कोणी आणला, त्याच्या हिकमतीला माझा नमस्कारच आहे. पण पारव्याला तिथे अजून अवघडल्यासारखं होत असणार.

रंग दिसणं आणि रंगाला शब्द असणं, या दोन गोष्टींची गल्लत करण्यात मी एकटी नाही. पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनने 1858 मध्ये प्राचीन ग्रीक महाकवी होमरवर तीन खंड लिहिले, त्यात तो याच पेचात सापडला. होमरचा समुद्र मद्यासारखा, लोखंड जांभळट, मध हिरवट, आणि एवढ्या मोठ्या महाकाव्यांत आकाश निळं म्हणून कुठे नाही. ग्लॅडस्टनने निष्कर्ष काढला की त्या काळच्या ग्रीकांची रंगांची जाणच पुरती विकसित झालेली नसावी. नऊ वर्षांनी लाझारस गायगर या जर्मन अभ्यासकाने तोच शोध पुढे नेला आणि तो थेट आपल्या वेदांपर्यंत पोचला. हजारो ओळींत आकाशाची स्तुती आहे, उषा आहे, सूर्य आहे. पण आकाशाला कुणी निळं म्हणत नाही, असं त्याने दाखवलं.

हे वाचल्यावर मी अमरकोश काढला, अमरसिंहाने रचलेला संस्कृत प्रतिशब्दांचा जुना कोश. पाठांतर कधीच विसरलेय, पण रंगांचे श्लोक त्यातल्या 'धीवर्ग' नावाच्या भागात आहेत एवढं आठवत होतं. सापडला तो चरण असा : 'कृष्णे नीलासितश्यामकालश्यामलमेचकाः'. म्हणजे काळ्याचे प्रतिशब्द कोणते? नील, असित, श्याम, काल, श्यामल, मेचक. नील पहिलाच! त्या कोशात निळ्याला स्वतंत्र घर नाही, तो काळ्याच्या वाड्यात भाडेकरू आहे. तिसरीपर्यंत शिकलेली माझी आजी आणि अमरसिंह यांचं या बाबतीत पूर्ण एकमत होतं. बाबांना मी हे उत्साहाने फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण लुगडं निळंय."

तेव्हापासून मला हा भाडेकरू सगळीकडे भेटायला लागला. कृष्ण म्हणजे काळा, तोच घननीळ, तोच मेघश्याम, आणि कॅलेंडरवर तोच स्वच्छ आकाशी. पावसाळी ढगाचा जो रंग असतो तो काळा की निळा, हे ठरवायची घाई या नावांना नाही. त्याच श्लोकात पुढे 'पीतो गौरो हरिद्राभः' असंही आहे. गौर म्हणजे पिवळा, हळदीच्या कांतीचा. म्हणजे ज्या गोरेपणापायी आपण एवढ्या मुली नाकारल्या, तो पिवळ्याच्याही पंक्तीत जेवायला बसलेला! आणि पांढरा शब्द आला पांडुरापासून. पंढरपूरचा सावळा विठोबा काळ्या पाषाणाचा, तरी नाव पांडुरंग. वारकऱ्याला यात कधीच काही खटकत नाही.

1969 मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या दोघा अभ्यासकांनी 98 भाषांची मांडणी करून सांगितलं की भाषा रंगांना नावं वाटेल तशी देत नाहीत, त्याला एक क्रम असतो. दोनच मूळ शब्द असतील तर ते काळा आणि पांढरा. तिसरा आला तर तांबडा. मग हिरवा-पिवळा, मग निळा, मग तपकिरी, आणि शेवटी जांभळा, गुलाबी, नारिंगी, करडा या मंडळींची गर्दी. यातल्या वीसच भाषांच्या लोकांना त्यांनी प्रत्यक्ष रंगांचे तुकडे दाखवले, आणि ते लोकही बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारे, इंग्रजी येणारे. त्यामुळे टीका भरपूर झाली. पुढे याच मंडळींनी 110 भाषांची मोठी पाहणी केली आणि क्रमात दुरुस्त्याही केल्या. पण निळा मागून येतो, हे साधारण टिकलं.

त्यांचा एक निकष मला आवडला : मूळ रंगाचं नाव शक्यतो एखाद्या वस्तूचं नाव नसावं. मराठीत हे लावून बघा. जांभळा जांभळाचा, गुलाबी गुलाबाची, नारिंगी नारिंगाची, तपकिरी तपकिरीची, राखाडी राखेची. सगळे उसनवारीचे. माझ्या मुलीने तपकीर ओढणारा माणूस पाहिलेला नाही, पण तपकिरी खडू तिच्याकडे आहे. वस्तू गेली, डबी गेली, शिंक गेली, रंग तेवढा राहिला. तांबड्यात तांबं आहे आणि निळ्यात नीळ आहे, हे खरं. पण ते आता कुणाच्या ध्यानातही नसतं.

आणि आपल्या भाषेने यासाठी स्वतःची परीक्षा आधीच घेऊन ठेवली आहे, असं मला हल्ली वाटतं. काळाकुट्ट. पांढराशुभ्र. लालभडक. पिवळाधमक. हिरवागार. निळाशार. आता पुढे म्हणून बघा. जांभळा... काय? गुलाबी... काय? जीभ अडते. 'गर्द जांभळा' किंवा 'फिक्का गुलाबी' म्हणून बाहेरून विशेषण लावता येतं, पण पाठीला पाठ लावून जन्मलेलं भावंड त्यांना नाही. तपकिरीला नाही, राखाडीला नाही, नारिंगीला नाही. घरात जन्मलेल्या सहा जणांना जोडीदार मिळालेत आणि पाहुणे एकेकटे बसलेत. कुणी विद्यापीठातल्या माणसाने यावर आक्षेप घेतला तर मी माघार घेईन, पण तोवर ही माझी आवडती थिअरी आहे.

शिवाय या जोडीदारांचं काम नुसता रंग गडद करणं नाही. रात्र काळीकुट्ट असते, डोळे काळेभोर असतात, कातळ काळाकभिन्न असतो. तीन्ही काळेच. पण बाळाच्या डोळ्यांना काळेकुट्ट म्हणणाऱ्या पाहुण्याला पुन्हा चहा मिळायचा नाही. धोतर पांढरंशुभ्र आणि भ्यालेला चेहरा पांढराफटक. संतापलेला माणूस लालबुंद, पोपटाची चोच लालचुटूक. चुटूक म्हणताना ओठ कसे होतात ते आरशात बघावं, चोच होते. पिवळाजर्द मधला 'जर्द' फारसीत पिवळाच. म्हणजे पिवळा-पिवळा, आपण दोन भाषांतून एकच गोष्ट ठासून सांगतो. हिरव्यागार मधल्या 'गार'चं मूळ कोशात काय असेल ते असो, मला मात्र त्यात गारवाच ऐकू येतो. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या माझ्या भाच्याला मी हे समजावत होते, तर तो म्हणाला, "म्हणजे हे सगळे डार्क ना?" मी म्हटलं, "नाही रे बाबा." पुढे काय सांगावं ते सुचलं नाही.

उतरणीच्या बाजूलाही असंच. पिवळसर आणि पिवळट यांत रंगपेटीच्या हिशेबाने फरक शून्य असेल. पण पिवळसर असतो जुन्या पुस्तकाचा कागद आणि पिवळट असतात आजाऱ्याचे डोळे. काळसर द्राक्षं खाण्याजोगी, काळपट केळी टाकाऊ. एका 'ट'मध्ये आख्खी नाराजी आहे. तांबूस मात्र नेहमी सुंदरच. तांबूस म्हणजे पहाट, तांबूस म्हणजे भाजणी.

भाजणीवरून आठवलं. स्वयंपाकघरात रंग हे नुसतं घड्याळ असतं. लग्नानंतर पहिल्यांदा एकटीने शिरा करायला घेतला, तेव्हा आईला फोन लावला. "रवा किती वेळ भाजू?" "गुलाबी होईपर्यंत." मी वीस मिनिटं कढईसमोर उभी राहून गुलाबीची वाट पाहत होते. रवा पिवळसर झाला, बदामी झाला, पुढे तर भलताच झाला. गुलाबी काही तो झाला नाही, कारण रवा जन्मात गुलाबी होत नसतो. कांदाही होत नाही. तरी आमच्याकडच्या सगळ्या बायका कांदा 'गुलाबी रंगावर' परततात आणि बरोबर एकाच क्षणी पुढचा जिन्नस टाकतात. तो रंग डोळ्यांनी नाही, वासाने ओळखायचा असतो, हे मला दोन-तीन शिरे वाया गेल्यावर कळलं. तसंच 'हिरवट'. "आमटी हिरवट लागतेय" म्हटल्यावर कुणी वाटीत वाकून रंग बघत नाही, गॅस पुन्हा पेटवतात. हॅरल्ड कॉन्क्लिन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ फिलिपिन्समधल्या हानुनो लोकांत राहिला. त्याने 1955 मध्ये लिहिलंय की त्यांच्याकडे मोठे रंगशब्द चारच. आणि नुकत्याच तोडलेल्या, ओलसर चकाकत्या बांबूचा तुकडा दिसायला तपकिरी असला तरी ते त्याला हिरव्याच्या शब्दाने ओळखतात. ओलं, ताजं, रसरशीत ते हिरवं. सुकलेलं ते तांबड्यात. हे वाचताना मला हिरवा चारा आणि वाळला चारा आठवला, आणि कॉन्क्लिनला जे समजायला एवढा अभ्यास करावा लागला ते आमच्या गड्याने त्याला दोन वाक्यांत सांगितलं असतं, असा एक उद्धट विचारही मनात आला.

गावाकडे तर रंगाचे शब्द रंगापासून पार सुटूनच गेलेले असतात. पांढरी म्हणजे गावठाण, घरांची जागा. काळी म्हणजे शेत. मग शेतातली माती तांबडी मुरमाड का असेना, ती काळीच, काळी आई. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला वाण म्हणजे वर्ण, रंग. दुकानातून आणायच्या वाणसामानाशी त्याचा संबंध नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तोवर मी दोन बैलांनी किराणा आणल्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून होते.

आणि माणसांचे रंग. माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा बायोडेटात 'वर्ण' असा एक रकाना होता. आईने लिहिलं गव्हाळ. आत्या म्हणाली, "निमगोरी लिही गं, काय बिघडतंय?" कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली आजी म्हणाली, "गव्हाळ लिवताय तर गहू कुठला ते बी लिवा. खपली का लोकवन?" सगळे हसले आणि तो रकाना गव्हाळवर सुटला. सांगली-मिरज भागात ज्यांनी तांबूस खपली पाहिली आहे, त्यांना आजीने मला कुठल्या पोत्यात टाकलं होतं ते कळेल. एवढ्या सूक्ष्म छटांची भाषा आपण कशासाठी राबवली, याचा विचार केला की मात्र हसू फार वेळ टिकत नाही. त्या रकान्यात कुणी कधी 'काळी' लिहीत नाही. सावळीच्या पुढे शब्दच संपतात, जणू पुढे मुली संपतात.

हल्ली छटांची खरी पंचाईत नवरात्रात होते. वर्तमानपत्रांनी रुजवलेले ते नऊ दिवसांचे नऊ रंग. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर 'मोरपंखी'च्या आदल्या रात्री दरवर्षी धुमश्चक्री होते. मोरपंखी म्हणजे हिरवा की निळा? एकीने हिरवट साडीचा फोटो टाकला, दुसरीने निळसर कुर्त्याचा, तिसरीने खऱ्या मोराचा. मोराचा फोटो पाहून कुणाचंच समाधान झालं नाही. जपानमध्ये सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळ्याच्याच जुन्या शब्दाने, 'आओ' म्हणतात, हे मी तिथे टाकलं. त्यावर फक्त एक अंगठा आला. दुसऱ्या दिवशी सगळ्या आपापल्या मोरपंखीत आल्या आणि फोटोत छान दिसल्या.

गेल्या महिन्यात त्या लुगड्याचा काठ एका बाजूने उसवलेला दिसला. दोरा आणायला पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले. ही दुकानं मला संग्रहालयासारखी वाटतात. छतापर्यंत फॉल आणि अस्तरं रचलेली, आणि गल्ल्यावरच्या काकांच्या तोंडात जे रंग असतात ते कुठल्याही पुस्तकात नसतात : श्रीखंडी, आमसुली, रामा, राणी, विटकरी, वांगी. अबोली म्हटलं की ते न बघता हात वर करून नेमका तोच गठ्ठा ओढतात. अबोलीला इंग्रजीत काय म्हणावं हे मला आजवर सुचलेलं नाही, आणि त्या दुकानात कधी गरजही पडलेली नाही.

मी लुगडं गल्ल्यावर ठेवलं. ट्यूबलाइटखाली ते स्वच्छ काळं दिसत होतं. आत्या जिंकली, असं मनात आलंही. काका म्हणाले, "इथे नको ताई, उजेडात चला." ट्यूबलाइटखाली दोन रंग जुळे दिसतात आणि उन्हात परके होतात, हा त्यांचा रोजचा अनुभव. तीन रिळं घेऊन ते स्वतः उंबऱ्यापर्यंत आले : एक काळं, एक नेव्ही ब्लू, आणि एक मधलं, ज्याच्यावर नावाऐवजी नुसता शेड नंबर होता. रीळ कापडावर ठेवून ते बघत नाहीत. वीतभर दोरा उलगडून एकेरी पसरतात, कारण गुंडाळलेला दोरा गडद दिसतो आणि सुटा झाला की उजळतो.

सकाळचं ऊन लुगड्यावर पडलं. घडीच्या आतल्या बाजूला, जिथे इतकी वर्षं उजेड लागला नव्हता, तिथे एक खोल निळा उमटून आला. वरच्या बाजूला तो नव्हता. पूर्वी पक्का काळा साधायला रंगारी बऱ्याचदा आधी निळीत बुडवत आणि मग वरून काळा चढवत. हे लुगडं तसलं आहे, की धुऊन धुऊन काळ्याचं निळं झालंय, की निळ्याचं काळं, हे माझ्याच्याने ठरेना. आजीने ते घेतलं तेव्हा ते कोणतं होतं, हे सांगायला ती नाही. त्या दिवशी तिच्याबरोबर बाजारात बाबा होते, पण ते चार वर्षांचे होते.

काका मान वाकडी करून बराच वेळ बघत होते. मी शेवटी विचारलंच, "काका, तुम्ही याला कुठला रंग म्हणाल?"

"काळाच की," ते म्हणाले, आणि काळं रीळ खिशात घालून नंबरवालं माझ्या हातात दिलं. "पण दोरा हा निळा घ्या. काळा लावलात तर टाके दिसतील."